शिवेची फेरी

(सेंगकांगमधल्या अकराव्या मजल्यावरच्या फ्लॅटची झोपायची खोली. रविवार, संध्याकाळचे सहा वाजून गेलेले. ऋता पलंगावर, पायांखाली दोन उशा. फोन स्पीकरवर.)

ऋता : पहिल्यापासून नको सांगूस. शेवटची कुठे पाहिलीस तेवढं सांग.

रुचिर : चौथ्या दगडाशी. ओकच्या झाडाखाली. तिथे मी स्वतः पाहिलंय तिला, ऋता. हातात काठी होती, पिवळा रेनकोट कमरेला बांधलेला. मग आम्ही पुढे निघालो. पुढच्या दगडाशी मुलं मोजली तर तेरा भरली. निघताना चौदा होती.

ऋता : किती वेळ झाला?

रुचिर : पस्तीस मिनिटं. चाळीस असतील.

ऋता : आणि मला आत्ता सांगतोयस.

रुचिर : वाटलं सापडेल. दर पाच मिनिटांनी वाटत होतं, आणखी पाच मिनिटांत सापडेल.

सुलेखा : काय गं, काय सापडत नाहीये? दार नुसतं लोटलेलं होतं म्हणून आले आत. मऊ भात आणलाय, त्यावर तूप... ऋता, तू उठून का बसलीस?

ऋता : सुलेखाताई, मधू हरवली.

सुलेखा : मधू? ती तिकडे आहे ना इंग्लंडात, रुचिरपाशी?

ऋता : तिकडेच हरवली.

सुलेखा : आधी आडवी हो. हो म्हणते ना. डॉक्टरीण काय म्हणाली होती? वार खाली सरकलीय, तिसावा आठवडा आहे, बाथरूम सोडून जमिनीला पाय लावायचा नाही. लोकांना सांगता सांगता मला पाठ झालंय ते. हां, अशी. रुचिर, मी सुलेखा बोलतेय, शेजारची. काय झालं ते मला नीट सांग, ही ऐकेल.

रुचिर : ताई, आज आमच्या गावाची हद्दीची फेरी होती. इथे शेकडो वर्षं चालत आलंय म्हणतात. मे महिन्यातल्या एका रविवारी अख्खं गाव हद्दीवरून चालत जातं. पुढे चर्चच्या व्हिकरबाई, मागे मुलं. मुलांच्या हातात सोललेल्या काठ्या असतात. हद्दीचा दगड आला की बाई प्रार्थना म्हणतात आणि मुलं दगडाला काठ्यांनी बडवतात. म्हणजे मोठेपणी त्यांना आपल्या गावाची हद्द कुठवर ते आठवावं. पूर्वी नकाशे नव्हते ना.

सुलेखा : म्हणजे शिवेची फेरी. आमच्याकडे कोकणात शिवेवर राखणदाराला नारळ ठेवतात. दगडाला झोडपत नाही कुणी.

ऋता : ताई, आत्ता नको ना. रुचिर, कोण कोण शोधतंय?

रुचिर : सगळेच. चाळीसएक माणसं आहोत. हातभर अंतरावर उभे राहून रांग केलीय आणि मागे मागे जातोय. ओकपर्यंत झालं, आता ओकपासून मागे फाटकापर्यंत. एक आजोबा ट्रॅक्टर घेऊन आलेत. कुत्री आहेत दोन. पोलीस शहरातून निघालेत, वीस मिनिटं म्हणाले.

ऋता : ती घंटा कसली वाजतेय?

रुचिर : चर्चची. घरी असलेल्या लोकांना बोलावतायत.

ऋता : पाण्याजवळ पाहिलं का? नकाशात ओढा आहे.

रुचिर : ओढा पार खाली आहे. रस्त्यापासून लांब. तिकडे कुणी गेलंच नव्हतं.

ऋता : हाका मारताय?

रुचिर : सगळं गाव हाका मारतंय. व्हिकरबाईंना ‘मधुवंती’ पूर्ण म्हणता येतं, तू फोनवर शिकवलं होतंस त्यांना. त्या तर... हॅलो? ऋता, इथे रेंज...

ऋता : रुचिर? रुचिर.

सुलेखा : कट झाला. करेल तो परत. फोन उशीवर ठेव, असा हातात आवळून धरू नकोस.

ऋता : लागत नाहीये त्याला. ताई, माझा पासपोर्ट त्या वरच्या खणात आहे.

सुलेखा : कशाला?

ऋता : चांगीला टॅक्सी बोलवा.

सुलेखा : विमानाचे चौदा तास आणि वर दोन तासांचा रस्ता. असं म्हणाली होतीस ना तूच, तो गेला तेव्हा? तू उतरशील तोवर पोर जेवून झोपलेली असेल. आणि तुला चढू कोण देणार आहे? दोन महिन्यांपूर्वी चादरी भरल्या होत्या तुझ्या रक्ताने. मी धुतल्यात, मला माहितीये.

ऋता : बाजूला व्हा.

सुलेखा : होत नाही. मला ढकलून जायचं तर जा, पण एकसष्ट किलो आहे मी. झोप. डाव्या कुशीवर.

ऋता : मी इथे पडून काय करू, ते सांगा ना कुणीतरी. सहा वर्षांची आहे ती. आयुष्यात शेत पाहिलेलं नाही तिने. लिफ्ट, बिल्डिंगखालचा मोकळा व्हॉइड डेक, शाळेची बस. तिला चिखल लागला तर ती पाय वर उचलून उभी राहते.

सुलेखा : मग पाठवलीस कशाला, असं मी विचारणार नाही.

ऋता : विचारा. सगळे विचारतात. माझी आई पुण्याहून रोज विचारते. त्याची इथली नोकरी गेली, तिकडची मिळाली, इथे राहायचा पास रद्द झाला, त्याला जावंच लागलं. मी माझ्या पासवर राहिले, बाळंतपण होईपर्यंत. आणि मला पडून राहायला सांगितलं, तर हिला आंघोळ कोण घालणार, शाळेत कोण सोडणार? तुम्ही सोडलंत पंधरा दिवस, पण तुम्हाला तुमचं ऑफिस. तिथल्या गावातल्या शाळेत एकच जागा होती. एकतीस मुलांची शाळा. ईस्टरनंतर आली नाही तर जागा गेली. मी विचार करून पाठवली, ताई. दोन कॉलम करून विचार केला.

सुलेखा : करतेसच तू. हे भिंतीवर काय चिकटवलंयस? गेल्या आठवड्यात नव्हतं.

ऋता : हद्दीचे दगड.

सुलेखा : मेट्रोचा, एमआरटीचा नकाशा वाटतो.

ऋता : तिला तसाच हवा होता. जांभळ्या रंगाने काढ म्हणाली, आपल्या सेंगकांगच्या लाइनसारखा. एक चर्च, दोन शाळा, तीन फाटक, चार ओक, पाच गिरणी, सहा पूल, असे अकरा. मी दिवसभर दुसरं काय करते? त्या गावाच्या वेबसाइटवरचं पान न् पान वाचलंय मी. सॅटेलाइटवरून घरांची छपरं पाहते. जत्रेत कुणाच्या जॅमला पहिलं बक्षीस मिळालं ते मला माहीत आहे. फेरीचं माहितीपत्रक मिळालं, त्यातले दगड घेतले, दोन कागद केले. एक इथे, एक तिच्या खोलीत. रोज शाळेत जायच्या आधी व्हिडिओवर म्हणून घेते. म्हणजे तिला तिथे परकं वाटू नये.

सुलेखा : आणि फेरीला जा म्हणून कुणी सांगितलं?

ऋता : मीच. व्हिकरबाईंना मी मेल केली. आमची मुलगी गावात नवीन आहे, तिला सहभागी करून घ्यावं. किती आनंद झाला त्यांना. उत्तर आलं, नवीन मूल आलं की आमची फेरी पूर्ण होते. मला वाटलं, किती चांगली माणसं आहेत.

सुलेखा : असतील की चांगली. वाजतोय बघ.

ऋता : बोल. सापडली?

रुचिर : नाही. फाटकापर्यंत झालं. ऋता, तिच्या वर्गातली ती लाल केसांची मुलगी आहे ना, तिला आत्ता विचारलं. ती म्हणते, मधू ओकपाशी बुटाची नाडी बांधत बसली होती. हिने चल म्हटलं, तर नाही म्हणाली. रडत होती म्हणे.

ऋता : रडत का होती?

रुचिर : माहीत नाही.

ऋता : रुचिर.

रुचिर : थकली असेल.

ऋता : तू श्वास घेऊन बोलतोयस. खोटं बोलायच्या आधी घेतोस तसा.

रुचिर : तिसऱ्या दगडापाशी एक पद्धत आहे त्यांची. गावात जे मूल नवीन असेल त्याला दोघंजण पायांना धरून उचलतात, उलटं, आणि डोकं हळूच दगडाला टेकवतात. लागत नाही. एका हाताची उशी करतात खाली. मग सगळे टाळ्या वाजवतात आणि ते मूल गावाचं झालं.

ऋता : आणि तू ते करू दिलंस.

रुचिर : तिच्या आधी त्या शिक्षकांच्या मुलाला केलं. तो हसत होता. मधू नको म्हणाली. दोनदा म्हणाली. सगळे बघत होते, ऋता. व्हिकरबाई म्हणाल्याही, नको असेल तर राहू द्या. मीच म्हटलं, नाही नाही, लाजतेय फक्त. मीच तिला पुढे केली.

सुलेखा : अरे देवा.

रुचिर : तीन सेकंदांचं काम होतं ते. नंतर ती माझ्याशी बोलली नाही. हात काढून घेतला. म्हटलं जाऊ दे, मुलांबरोबर चालेल, विसरेल. म्हणून मी पुढे मोठ्या माणसांत होतो.

ऋता : तिचे पाय धरले लोकांनी. तिला आपण काय शिकवलंय? कुणी अंगाला हात लावला, नको वाटलं, तर मोठ्याने नाही म्हणायचं आणि बाबाकडे जायचं. ती नाही म्हणाली. मग कुणाकडे जायचं होतं तिने?

रुचिर : तूच रोज सांगत होतीस, मिसळा, मिसळा. केक घेऊन जा, चर्चच्या कॉफीला जा, शेजारच्या आजींचा लॉन कापून दे. मी काय हौसेने करतो का? ऑफिस करून, तिचा डबा करून, तिची वेणी घालून? यूट्यूबवर बघून वेणी घालतो मी.

ऋता : मिसळा म्हटलं होतं मी. माझी मुलगी उलटी टांगा नव्हतं म्हटलं.

रुचिर : ती फक्त तुझी मुलगी आहे का?

सुलेखा : झालं का दोघांचं? पोर सापडली की भांडा, मी मध्ये पडणार नाही. रुचिर, तू आता उभा कुठे आहेस?

रुचिर : रस्त्यावर. पुलाच्या अलीकडे. सहाव्या दगडाजवळ. इथेच रेंज येते. इथेच मुलं मोजली होती आम्ही.

ऋता : कुठे मोजली?

रुचिर : इथे. पुलाशी.

ऋता : ओकनंतर मोजली म्हणालास.

रुचिर : हो, ओकनंतर इथे.

ऋता : ओकनंतर गिरणी. चारनंतर पाच येतो. तुम्ही सहावर कसे पोचलात?

रुचिर : पाचव्याला आता कुणी जात नाही. तो ओढ्याच्या पलीकडे आहे. तीन वर्षांपूर्वी पुरात साकव वाहून गेला, तेव्हापासून रस्त्यावरूनच त्या दिशेला काठ्या दाखवतात आणि पुढे जातात. व्हिकरबाई म्हणाल्या, तो दगड दिसतही नाही इथून. झाडं वाढलीत.

ऋता : पत्रकात तसं नाहीये.

रुचिर : कुठल्या पत्रकात?

ऋता : ताई, तो कागद काढा भिंतीवरचा. नकाशाखालचं ते छापलेलं पत्रक. कोपऱ्यात साल बघा.

सुलेखा : थांब, चष्मा... दोन हजार अकरा.

ऋता : दोन हजार अकरा. मी साल पाहिलंच नाही. सगळं पाहिलं आणि साल पाहिलं नाही.

रुचिर : ऋता, काय म्हणतेयस तू?

ऋता : तिला माहीत नाही पाचवा गाळतात ते. तिला मी शिकवलंय, चारनंतर पाच. नाडी बांधून तिने वर पाहिलं असेल, कुणीच नाही. तिला वाटलं असेल, सगळे गिरणीला गेले.

रुचिर : पण तिथे कुणी नव्हतं म्हटल्यावर परत आली असती. ओक तिथून फार तर दहा मिनिटं. आणि ओढ्याच्या काठाने ट्रॅक्टरवाल्या आजोबांचे दोघे मुलगे फिरून आलेत, हाका मारत. उत्तर नाही आलं काही.

सुलेखा : ऋता, हरवलीस तर काय करायचं असं सांगून ठेवलंयस तू तिला? तू ठेवलंच असशील.

ऋता : एमआरटीचं. गेल्या वर्षी एकदा गर्दीत दार लागलं, ती आत आणि मी फलाटावर. त्यानंतर रोज घोकून घेतलं. आपण वेगवेगळे झालो तर पुढच्या स्टेशनवर उतरायचं. तिथेच उभं राहायचं. एक पाऊलही हलायचं नाही. कुणी बोलावलं, नाव घेऊन बोलावलं, तरी ओ द्यायची नाही. नाव कुणालाही कळू शकतं.

सुलेखा : पुढचं स्टेशन.

ऋता : गिरणी. ती गिरणीला उभी आहे, रुचिर. हाका ऐकतेय आणि उत्तर देत नाहीये.

रुचिर : पण मध्ये ओढा आहे. दगड पलीकडे आहे.

ऋता : पाणी किती आहे?

रुचिर : गुडघाभर म्हणतात. गिरणीपाशी जुना डोह आहे, तो... तो सोडून.

ऋता : धाव.

रुचिर : फोन चालू ठेवतो.

ऋता : फोन खिशात टाक आणि धाव.

सुलेखा : अगं, पोट दाबून धरू नकोस असं. कडक झालंय का?

ऋता : थोडं. जाईल. ऐकू येतंय का तुम्हाला काही?

सुलेखा : त्याचे बूट. पाणी पी. कोमटच आहे.

ऋता : डोह सॅटेलाइटवर काळा दिसतो. मला वाटायचं झाडाची सावली आहे. ताई, ती साकव शोधत गेली असेल. माझ्या नकाशात साकव आहे. मी निळ्या पेनाने पाणी काढलं आणि वर दोन रेघांचा साकव काढला, छान दिसावा म्हणून.

सुलेखा : तू काढला नसतास तरी पाणी तिथेच होतं.

ऋता : पण ती गेली नसती तिथे. दुसऱ्या कुणाची मुलगी ओकखाली बसून भोकाड पसरून रडली असती आणि पाच मिनिटांत सापडली असती. माझ्या मुलीला नियम आहेत.

सुलेखा : गेली रेंज. बूट थांबले.

ऋता : थांबले की रेंज गेली?

सुलेखा : रेंज गेली. बघ, स्क्रीन बघ. तिकडे ओढ्याजवळ खोलगट असणार. बस आता.

ऋता : किती वाजले?

सुलेखा : सहा बेचाळीस. आमचा निशिकांत पाच वर्षांचा असताना टेक्का मार्केटमध्ये हरवला होता. मी कोळंबी निवडत होते.

ऋता : मला नका सांगू.

सुलेखा : बरं.

ऋता : किती वेळ?

सुलेखा : तीन तास. मासेवाल्या बाईच्या फळीखाली बर्फाच्या पेटीमागे जाऊन झोपला होता. आम्ही लिटल इंडिया पालथं घातलं. त्या बाईला तमिळ येई आणि चिनी येई, मला दोन्ही येत नव्हतं. मी नुसती हाताने एवढा एवढा करून दाखवत होते, तिला वाटलं मला तेवढा मासा हवाय.

ऋता : सापडल्यावर काय केलंत?

सुलेखा : मारलं. भर बाजारात, पाठीत. आज तेहतीस वर्षांचा आहे तो, मेलबर्नला असतो. बाकीचं काही आठवत नाही त्याला, फक्त तेवढं आठवतं. मी सापडलो आणि आईने मारलं.

ऋता : मी नाही मारणार. मी कशी मारणार आहे? माझा हात पोचायला...

सुलेखा : रड. रडलीस तर चालेल, डॉक्टरीण रडू नको असं नव्हती म्हणाली.

ऋता : सहा पंचेचाळीस. ताई, त्या गावाच्या वेबसाइटवर जुने फोटो आहेत. शंभर वर्षांपूर्वीच्या फेरीचे. त्यातली मुलं हसत नाहीत कुणीच. मी रुचिरला म्हटलंही होतं, बघ किती गोड दिसतायत. मला दिसत कसं नाही काही?

सुलेखा : वाजला. घे. नाही, मी घेते, तू पडून राहा. रुचिर?

रुचिर : आहे. आहे इथे. ऋता, आहे.

ऋता : कशी?

रुचिर : उभी आहे. दगडाला पाठ लावून. छातीपर्यंत ओली आहे. कशी आली पलीकडे देव जाणे, मलाच दोनदा पडायला झालं. दगड उंचावर आहे, म्हणून रेंज तरी मिळाली. ओठ निळे पडलेत. काठी आहे अजून हातात.

ऋता : उचल तिला. शर्ट काढ तिचा, तुझ्या अंगाशी घे.

रुचिर : येत नाहीये.

ऋता : म्हणजे काय?

रुचिर : जवळ गेलो की ओरडते. हात लावला तर काठी मारली मला. व्हिकरबाई पाण्यातून आल्या मागोमाग, ब्लँकेट पुढे केलं, ते घेत नाही. दगड सोडत नाही. मी उचलू शकतो, ऋता, जोर लावून उचलू शकतो. पण आज एकदा उचलली ना तिला तिच्या मनाविरुद्ध. आता माझा हात होत नाही.

ऋता : म्हणते काय ती?

रुचिर : म्हणते, आई येणार आहे. मागच्या गाडीने.

सुलेखा : अगं बाई.

रुचिर : बाबा येईल असं रूलमध्ये नाही, म्हणते.

ऋता : फोन तिच्याकडे दे. दगडावर ठेव आणि तू दोन पावलं मागे जा. तिला दिसेल असा जा. मधू? मधू, मी बोलतेय.

मधू : आई?

ऋता : हो, बाळा.

मधू : यू रीच ऑलरेडी?

ऋता : नाही गं. मी घरी आहे. पलंगावर.

मधू : आय वेट सो लाँग. दोन अंकल आले, माझं नाव घेऊन ओरडत होते. आय नेव्हर आन्सर. झाडांमुळे मी दिसले नाही त्यांना.

ऋता : ऐकलं मी. थंडी वाजतेय?

मधू : व्हेरी. पण मी हलले नाही. वन स्टेप ऑल्सो नेव्हर. शू आली तरी.

ऋता : मग?

मधू : मग झाली.

ऋता : होऊ दे.

मधू : ब्रिज नव्हता, आई. तुझ्या मॅपमध्ये होता.

ऋता : माझा मॅप चुकला. जुना होता. मी बघितलं नाही.

मधू : नेक्स्ट ट्रेन हाऊ मेनी मिनिट्स?

ऋता : मधू, ऐक. माझी गाडी तिथपर्यंत येत नाही.

मधू : बट यू सेड. पुढच्या स्टेशनवर थांब, मी मागच्या गाडीने येते. यू सेड एव्हरी डे.

ऋता : हो. रोज सांगितलं. इथे ते खरं होतं. तिथे मी नाहीये मागच्या गाडीत. बाळ येईपर्यंत नाहीये. हे मी तुला सांगायला हवं होतं आणि सांगितलं नाही.

मधू : बाबाने मला उलटं केलं. आय सेड डोन्ट वॉन्ट. टू टाइम्स.

ऋता : माहितीये मला. त्याने सांगितलं.

रुचिर : मधू, बाबा चुकला गं.

मधू : आय ॲम टॉकिंग टू आई.

ऋता : बाबा किती लांब उभा आहे?

मधू : पाण्यात. ही इज क्रायिंग लाइक दॅट.

ऋता : आणखी कोण आहे?

मधू : चर्चवाल्या आंटी. त्यांचा ड्रेस सगळा ओला झालाय. त्या नुसतं ब्लँकेट धरून उभ्या आहेत.

ऋता : ब्लँकेट घ्यावंसं वाटतंय?

मधू : रूल काय आहे?

ऋता : रूल नाही. तुला वाटतंय का?

मधू : थोडं.

ऋता : मग त्यांना सांग, दगडावर ठेवा म्हणून. अंगाला हात लावू नका म्हण. त्या ऐकतील. आणि ते घेऊन तू चालत यायचं. बाबा बाजूने चालेल. हात धरायचा की नाही ते तू बघ.

मधू : पण स्टेशन सोडलं तर?

ऋता : तर काय?

मधू : मग तू मला शोधणार कशी?

सुलेखा : ऋता. पोर थांबलीय.

ऋता : शोधीन, मधू. तू आता हल.